हेलियम खरं निघालं, कोरोनियम खोटं : न दिसलेल्या गोष्टी विज्ञान कशाच्या जोरावर मानतं?

वर्णपटवाला

दर ऑगस्टात एक फॉरवर्ड फिरतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकयर नावाच्या साहेबाने विजयदुर्ग किल्ल्यावर दुर्बीण लावली आणि हेलियम शोधलं, अशी ती गोष्ट. यातलं ग्रहण खरं, तारीख खरी, साहेब खरा, हेलियमही खरं. फक्त लॉकयर त्या दिवशी इंग्लंडात होता.

तारखांची उणीदुणी काढायला धागा काढलेला नाही. त्या गोष्टीच्या पोटात एक जास्त मजेचा प्रश्न आहे. तेव्हा हेलियम कुणी बाटलीत भरलं नव्हतं, तोललं नव्हतं. पंधरा कोटी किलोमीटरवरून आलेला उजेड रंगांत फाकवला (म्हणजे त्याचा वर्णपट काढला) की त्यात एक पिवळी रेघ, एवढाच पुरावा. त्यावर 'हे नवं मूलद्रव्य' म्हणायची हिंमत कशी झाली?

आधी घटनाक्रम. १८६८ च्या ग्रहणाचा पट्टा कोकणातून जमखिंडी, विजापूर, गुंटूर करत मछलीपट्टणला समुद्रात उतरला. खग्रास काळ पाच मिनिटांच्या वर, म्हणून युरोपातून मोहिमा आल्या. गुंटूरला फ्रेंच पिएर जान्सेन होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या रेघा त्याला इतक्या लख्ख दिसल्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याने त्या पुन्हा पकडल्या. मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचा पॉग्सन होता. पिवळी रेघ सोडियमच्या जागेवर नेमकी बसत नाही, अशी नोंद त्याने केली. लॉकयर हा युद्धखात्यातला कारकून, खगोलशास्त्र हा त्याचा फावल्या वेळचा नाद. त्याने २० ऑक्टोबरला, ग्रहणाशिवायच, इंग्लंडातून त्याच ज्वाळा पाहिल्या. त्याचं आणि जान्सेनचं पत्र पॅरिसच्या अकादमीत एकाच बैठकीत, २६ ऑक्टोबरला वाचलं गेलं. फ्रान्सने पुढे दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं. पण ते ग्रहणाशिवाय ज्वाळा बघण्याच्या युक्तीसाठी. जान्सेनच्या पत्रात नव्या मूलद्रव्याचा दावा नव्हता.

सोडियमच्या पिवळ्या रेघा दोन : ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या. त्यांना अनुक्रमे डी-२, डी-१ म्हणत. ही तिसरी ५८७.६ वर. लॉकयरने तिला डी-३ म्हटलं आणि रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंडला हाताशी धरून ती हायड्रोजनमधून काढता येते का ते पाहिलं. दाब बदलला, तापमान बदललं, रेघ काही येईना. १८७१ साली ब्रिटिश असोसिएशनच्या एडिंबरा अधिवेशनात अध्यक्ष विल्यम थॉमसन (पुढचा लॉर्ड केल्विन) यांनी 'हेलियम' हे नाव जाहीर भाषणात घेतलं. प्रत्यक्ष वायू हाती लागला १८९५ मध्ये. मधली चोवीस वर्षं हेलियम होतं की नव्हतं?

देवगडकर

लेख चांगला आहे, पण आमच्या किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत ते काय बटाटे वाळवायला बांधले होते? आमच्या आजोबांपासून ऐकतोय, साहेब आला होता, मोठ्या दुर्बिणी आणल्या होत्या. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस करतात. इंग्लंडात बसलेल्या माणसासाठी कोकणात ओटे कोण बांधील?

वर्णपटवाला

देवगडकर काका, साहेब आलाच होता! फक्त तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ ला पुन्हा खग्रास ग्रहण कोकणावरून गेलं आणि तेव्हा सर नॉर्मन लॉकयर मोहीम घेऊन विजयदुर्गला उतरला. 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेचे खलाशी मदतीला होते, उपकरणं उभारण्यापासून वेध घेण्यापर्यंत. अहवालात गावाचं नाव 'विझियाद्रुग' असं येतं. त्याच ग्रहणासाठी करमाळ्याजवळ जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल आला होता आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला हेही. जेऊरवाले या गोष्टीचा फॉरवर्ड काढत नाहीत, ते त्यांचं दुर्दैव.

आणि १८९८ चा मान काही कमी नाही. त्या वेळी हेलियमचा निकाल लागलेला होता. शोध चालला होता तो दुसऱ्याच गोष्टीचा : कोरोनियम, म्हणजे ग्रहणात सूर्याभोवती दिसणाऱ्या वलयात (प्रभामंडलात) असेल असं मानलेलं मूलद्रव्य.

शंकासुर

'रेघ दिसली' आणि 'हेलियम दिसलं' यात फरक काय? भिंग लावून अमीबा पाहिला तरी डोळ्यात शिरतो तो प्रकाशच. मला तर सगळंच अनुमान वाटतं, काही लांबचं, काही जवळचं. तेव्हा 'प्रत्यक्ष' आणि 'अप्रत्यक्ष' अशी रेघ (श्लेष माफ) मारण्यापेक्षा, मधे किती गृहीतकं आहेत ते मोजा.

प्रॅक्टिकलवाल्या बाई

शंकासुर, पटलं. तर गृहीतक मोजू या. हेलियमच्या बाबतीत एकच मोठं होतं : प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा त्याच्या स्वतःच्या, दुसऱ्या कुणाच्या नाहीत.

हे हवेतलं नव्हतं. किर्शहॉफ आणि बुन्सेन यांनी १८६० मध्ये ड्युर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात दोन अनोळखी निळ्या रेघा पाहिल्या आणि नवं मूलद्रव्य आहे असं जाहीर केलं. मग टनावारी पाणी आटवून त्यांनी सीझियमचे क्षार हातात आणून दाखवले. पुढच्याच वर्षी रुबिडियम, त्याच वर्षी क्रुक्सचं थॅलियम (हिरवी रेघ), १८६३ मध्ये इंडियम. प्रत्येक वेळी आधी रेघ, मग पदार्थ. लॉकयर १८६८ मध्ये हिंमत करत होता ती या उधारीवर, आणि तोवर ही पेढी एकदाही बुडाली नव्हती. तरी तो स्वतः छापील लिखाणात नव्या मूलद्रव्याबद्दल जपूनच बोलत होता, फ्रँकलंड तर त्याहून जपून. रसायनवाले बहुतेक जण 'बाटलीत दाखवा' म्हणून गप्प बसले.

वर्णपटवाला यांच्या 'होतं की नव्हतं' या प्रश्नाला माझं उत्तर : हेलियम होतंच, त्याला आपल्या परवानगीची गरज नव्हती. आपल्या हातात होता तो दावा, आणि तो चोवीस वर्षं पासही नव्हता, नापासही नव्हता.

आता पेढी कुठे बुडाली ते. विल्यम हगिन्सने १८६४ मध्ये एका तेजोमेघाचा (आजचा एनजीसी ६५४३) वर्णपट पाहिला, त्यात ५००.७ आणि ४९५.९ नॅनोमीटरला दोन हिरव्या रेघा, कुणाशीच न जुळणाऱ्या. त्याला नाव पडलं नेब्युलियम. ७ ऑगस्ट १८६९ च्या अमेरिकेतल्या ग्रहणात यंग आणि हार्कनेस यांना सूर्याच्या प्रभामंडलात हिरवी रेघ दिसली. ते कोरोनियम. म्हणजे एकाच दशकात, एकाच युक्तिवादाने, तीन नवी मूलद्रव्यं. एक खरं, दोन खोटी. आणि १८७१ साली बसून पाहिलं तर तिन्हींचा पुरावा एकाच तोलाचा. तेव्हा कुणी छातीठोकपणे सांगितलं असतं का, की यातलं नेमकं कोणतं टिकणार?

निशाचर

_"एकाच तोलाचा"_

बाई, इथे थोडा विरोध. हेलियमच्या रेघेवर निदान हायड्रोजनचे प्रयोग करून पाहिले होते. कोरोनियमच्या रेघेची तर जागाच धड माहीत नव्हती! सुरुवातीला ती ५३१.७ ला धरली होती (किर्शहॉफने काढलेल्या सूर्याच्या वर्णपटाच्या नकाशावरचा १४७४ हा आकडा). तिथे लोखंडाची एक रेघ आधीच होती, म्हणून 'हे लोखंड असेल का' अशी चर्चाही झाली. १८९८ च्या ग्रहणातल्या वर्णपटांवरून कळलं की ती खरी ५३०.३ ला आहे. लोखंड बाद झालं, कोरोनियमची बाजू भक्कम झाली.

आणि शेवटी निघालं काय? लोखंडच! १९३९ मध्ये जर्मनीत ग्रोट्रियान आणि त्यानंतर स्वीडनचा एडलेन यांनी उलगडलं. प्रयोगशाळेत ठिणगी पाडून मिळालेल्या अतिनील रेघांवरून त्यांनी ऊर्जापातळ्यांमधली अंतरं काढली, आणि प्रभामंडलाच्या रेघा जुळल्या. हिरवी रेघ तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. जागा चुकीची होती तेव्हा उत्तर बरोबर होतं, जागा दुरुस्त झाल्यावर उत्तर चुकलं. असला विनोद निसर्गच करू जाणे.

घटपटादी

धागा माझ्या अंगणात आला म्हणून लिहितो.

न्यायदर्शनवाल्यांचं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राचं, नेहमीचं उदाहरण : डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. अग्नी दिसत नाही, तरी अनुमान पक्कं, कारण 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती चुलीपाशी पुन्हा पुन्हा पडताळलेली असते. आता उलटं करून पाहा. 'जिथे अग्नी तिथे धूर' हे फसतं, कारण त्यात ओल्या सरपणाची अट लपलेली आहे. अशा लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात, आणि उपाधी सापडली की अनुमान बाद.

बाईंनी दिलेली व्याप्ती अशी : जिथे अनोळखी रेघ, तिथे अनोळखी मूलद्रव्य. सीझियम, रुबिडियम, थॅलियम, इंडियम ही त्याची चूल. पण ही सगळी उदाहरणं पृथ्वीवरच्या ज्योतीतली. लपलेली अट ही, की परिस्थिती प्रयोगशाळेसारखीच असली पाहिजे. तेजोमेघात आणि प्रभामंडलात ती अट तुटली.

उलट्या व्याप्तीला खोटं पाडायला न्यायग्रंथात कोणतं उदाहरण देतात माहीत आहे? तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा, ज्यात अग्नी आहे पण धूर नाही. निशाचर म्हणतात कोरोनियम म्हणजे तापलेलं लोखंड. वाचून दोन मिनिटं हसत होतो.

वर्णपटवाला

घटपटादी, _/\_ . हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

प्रॅक्टिकलवाल्या बाई

घटपटादींच्या उपाधीला भौतिकशास्त्रातलं नाव आहे, आणि ते आपल्याकडच्या माणसाशी जोडलेलं आहे. मेघनाद साहा, १९२०. किती तापमानाला आणि किती दाबाला कोणत्या मूलद्रव्याचे किती अणू इलेक्ट्रॉन गमावतील, याचं समीकरण त्यांनी दिलं. त्याआधी रेघ म्हणजे 'कोण आहे' याची खूण होती. साहांनंतर ती 'कोण, आणि कोणत्या अवस्थेत' याची खूण झाली. रेघ दिसत नाही म्हणजे मूलद्रव्य नाही, असंही मग म्हणता येईना.

हेलियमच घ्या. सूर्याच्या रोजच्या वर्णपटातल्या काळ्या रेघांत डी-३ जवळजवळ सापडत नाही. का? ती रेघ उमटायला आधी हेलियमचा अणू सुमारे २१ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पातळीवर चढलेला लागतो आणि ५,८०० केल्विनच्या पृष्ठभागावर तेवढं चढायला फारसं कुणाला जमत नाही. म्हणून ग्रहण लागलं, वरच्या थरातल्या ज्वाळा उघड्या पडल्या, तेव्हा ती दिसली. सूर्याच्या वस्तुमानाचा साधारण चौथा हिस्सा हेलियम आहे आणि तरी ते लपून राहिलं होतं.

साहांचं समीकरण वापरून सेसिलिया पेन हिने १९२५ च्या प्रबंधात ताऱ्यांमधलं प्रमाण काढलं. हायड्रोजन आणि हेलियम बाकी सगळ्यांच्या कितीतरी पट निघालं. रसेलसारख्या बड्या खगोलशास्त्रज्ञाला ते पटलं नाही, म्हणून तिने हे आकडे बहुधा खरे नसावेत असं प्रबंधात लिहून टाकलं. काही वर्षांत रसेल स्वतः दुसऱ्या वाटेने त्याच उत्तरावर आला. मला त्या पोरीचं फार वाईट वाटतं, पण धाग्याच्या विषयात 'दुसऱ्या वाटेने' हे महत्त्वाचं.

तिरशिंगराव

थोडक्यात काय, दिसत नाही पण परिणाम दिसतो, म्हणून आहे. आमच्या वडाखालचा मुंजाही असाच. रात्री फांदी हलते. दोन चुकली, एक बरोबर आलं, तरी तुमचं ते विज्ञान आणि आमची ती अंधश्रद्धा. चालू द्या.

शंकासुर

तिरशिंगराव, मुंजाची रेघ कितव्या नॅनोमीटरला पडते ते सांगा, मग बोलू. कोरोनियम खोटं पडलं कारण ते खोटं पडू शकत होतं. ५३०.३ असा आकडा टेबलावर ठेवला की जगातला कुणीही उठून 'हा आकडा मला लोखंडातून काढता येतो' असं म्हणू शकतो, आणि सत्तर वर्षांनी एकाने म्हटलं. फांदी वाऱ्याने हलली हे सिद्ध केलं तर मुंजा जातो का? जात नाही, तो शेजारच्या पिंपळावर बसतो.

तिरशिंगराव

पिंपळावरचा वेगळा आहे. बाकी ठीक.

निशाचर

हेलियम कशाने वाचलं तेही सांगायला हवं, कारण ते नुसतं 'सापडलं' नाही. विल्यम रॅमसे १८९५ मध्ये आरगॉनच्या मागे होता. युरेनियमच्या खनिजातून आम्लाने एक वायू निघतो असं कळल्यावर त्याने क्लीव्हाइट नावाचं खनिज आणून उकळलं, आलेला वायू नळीत भरून वर्णपट पाहिला, तर पिवळी रेघ. सोडियमवर बसेना. नमुना क्रुक्सकडे गेला, त्याने मोजली : डी-३. त्याच वर्षी स्वीडनमध्ये क्लेव्ह आणि लांगले यांनी त्याचा अणुभार काढला. आता तो तोलता येत होता.

खनिजात हेलियम कुठून आलं, याचं उत्तर १९०८-०९ मध्ये. रदरफर्ड आणि रॉइड्सनी किरणोत्सारी पदार्थातून सुटणारे अल्फा कण अति पातळ काचेतून आरपार जाऊ दिले, पलीकडच्या पोकळीत जमलेल्या वायूत ठिणगी पाडली, आणि पुन्हा तीच पिवळी रेघ. सूर्याची ज्वाळा, दगड, किरणोत्सार. तीन वेगवेगळ्या वाटा आणि तिन्ही एकाच आकड्यावर येतात. कोरोनियमकडे शेवटपर्यंत एकच वाट होती, ग्रहणातल्या प्रभामंडलाची.

शंकासुर

इथे एक अडचण आहे. असं वाचलंय की आवर्तसारणीत जागा उरली नाही म्हणून नेब्युलियम आणि कोरोनियम बाद झाली. पण मेंडेलीव्हच्या १८६९ च्या सारणीत हेलियमलाही जागा नव्हती! हाच नियम लावला असता तर खरं मूलद्रव्य मेलं असतं.

प्रॅक्टिकलवाल्या बाई

शाब्बास. १८६९ ची सारणी मांडलेली होती अणुभारांवर आणि गुणधर्मांवर. मधे किती रकाने सुटलेत हे तिला ठाऊक नव्हतं. आरगॉन आणि हेलियम आल्यावर आख्खा नवा उभा रकाना घालावा लागला. त्यामुळे 'जागा नाही' हा तेव्हा कच्चा आक्षेप होता. मेंडेलीव्हने तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोरोनियमला हायड्रोजनच्या आधी जागा देऊन पाहिली.

१९१३ मध्ये मोझलीने क्ष-किरणांवरून अणुक्रमांक मोजले. एक, दोन, तीन, चार. दीड क्रमांकाचा अणू असूच शकत नाही. तेव्हापासून 'जागा नाही' हा आक्षेप पक्का झाला, कारण जागा मोजता येऊ लागल्या. मग १९२७ मध्ये आयरा बोवेनने नेब्युलियम सोडवलं : दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन, म्हणजे आपण श्वासात घेतो तोच. तेजोमेघ इतका विरळ की अणूंची टक्कर क्वचित होते, म्हणून पृथ्वीवर ज्यांना उमटायची संधी मिळत नाही अशा 'निषिद्ध' रेघा तिथे निवांत उमटतात.

माझ्या मते शिकण्यासारखं आहे ते कोरोनियमच्या मरणातच. मूलद्रव्य गेलं, पण लोखंडाचे तेरा इलेक्ट्रॉन उडवायला दहा लाख अंशांच्या वर तापमान लागतं. म्हणजे प्रभामंडल सूर्याच्या पृष्ठभागाहून शेकडो पट गरम. हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. एक न दिसणारी वस्तू पुसली गेली आणि तिच्या जागी दुसरी न दिसणारी गोष्ट आली, जास्त विचित्र आणि जास्त खरी. ते तापतं कसं याचं पुरतं उत्तर अजून नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये गेलेल्या आपल्या आदित्य-एल१ वरचं प्रभामंडल बघणारं उपकरण याच ५३०.३ च्या रेघेवर नजर ठेवतं. त्याच यानावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने केलेली सूट ही अतिनील दुर्बीणही आहे.

देवगडकर

म्हणजे १८९८ ला आमच्याकडे साहेब ज्या रेघेसाठी आला, तिच्यासाठी आता आपण यान पाठवलंय? मग हे का नाही कोण सांगत फॉरवर्डमधून?

मृण्मयी_एडिसन

वाचते आहे, जेवण करपलं. एक प्रश्न : मग डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारं पण ओढ जाणवणारं द्रव्य, कोणत्या रांगेत? हेलियमच्या की कोरोनियमच्या?

निशाचर

त्याला जवळचं उदाहरण वर्णपटाचं नाही, गुरुत्वाकर्षणाचं. युरेनस वाट चुकत होता म्हणून फ्रेंच गणिती ल व्हेरियेने कागदावर एक ग्रह काढला आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या गाल या खगोलशास्त्रज्ञाला तो सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत सापडला : नेपच्यून. त्याच ल व्हेरियेने बुधाच्या चालीतल्या शतकाला ३८ विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग; हा आकडा पुढे ४३ ठरला) फरकासाठी १८५९ मध्ये आणखी एक ग्रह मांडला, व्हल्कन. १८७८ च्या ग्रहणात तो 'पाहिल्याचं' दोघा अनुभवी निरीक्षकांनी सांगितलं सुद्धा! ग्रह नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचाच नियम बदलला आणि ४३ विकला आपोआप आल्या.

डार्क मॅटरचा दावा १९३३ पासून, झ्विकीने कोमा दीर्घिकासमूहात मांडला तेव्हापासून. पुढे व्हेरा रुबिन यांनी दीर्घिकांच्या फिरण्याचे वेग मोजले. प्रकाशाचं वाकणं आणि विश्वाच्या पार्श्वभूमी प्रारणातले चढउतारही तिकडेच बोट दाखवतात. मी नेपच्यूनच्या रांगेत उभं करीन.

शंकासुर

मी अजून रांगेबाहेर उभं करतो. वाटा चार असल्या तरी चारही गुरुत्वाकर्षणाच्याच गावातून जातात. हेलियमची दगडाची वाट सूर्याच्या वाटेला कुठेच भेटत नव्हती, तसं इथे नाही. जमिनीखालच्या शोधयंत्रांत एखादा कण धडकला, की मी पहिला पेढे वाटीन.

प्रॅक्टिकलवाल्या बाई

दोघांचं चालू द्या, मला पेपर तपासायचे आहेत. तेवढं एक, ज्यांना ही रेघ स्वतः बघायची आहे त्यांच्यासाठी. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सोडियमचा दिवा असतोच, हेलियमची डिस्चार्ज नळीही बऱ्याच ठिकाणी असते. स्पेक्ट्रोमीटरवर मिलिमीटरला ६०० रेघांचं ग्रेटिंग लावा. आधी सोडियमवर दुर्बिणीतली उभी तार जुळवून कोन लिहून ठेवा, मग स्लिट न हलवता दिवा काढून हेलियमची नळी ठेवा. पिवळी रेघ साधारण पावणेचार कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकलेली दिसेल. आपला व्हर्निअर एक कला दाखवतो, म्हणजे फरक सहज कळतो. स्लिट मात्र अगदी बारीक ठेवा, नाहीतर डी-१ आणि डी-२ एकच वाटतील. सीडीच्या तुकड्यावर हे नीट जमत नाही, त्याचा हट्ट नको.